संरक्षित पक्षी

लॉकडाउनमध्ये चंद्रहास मेलबर्नच्या घरातूनच युनिव्हर्सिटीच्या पोरांना युरोपचा पक्षीसंरक्षण कायदा शिकवायचा. "विणीच्या काळात घरट्याला हात लावायचा नाही, मग पक्षी कितीही त्रास देवो," हे तो झूमवर अगदी तळमळून सांगायचा.

लेक्चर संपवून बॅकयार्डमध्ये गेला, की निलगिरीवर घरटं केलेला मॅगपाय, कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी, नेमका त्याच्याच टाळक्यात चोच मारायचा. बायको आणि सासूबाई मात्र खुशाल फिरायच्या. शेवटी चंद्रहास सायकलचं हेल्मेट घालून कपडे वाळत घालू लागला. "ते घरटं हलवायला उद्याच माणूस बोलावतो," म्हणाला.

विमानं बंद म्हणून इथेच अडकलेल्या सासूबाईंनी त्याच दिवशी पितृपक्षातलं सासऱ्यांचं पान बाहेर ठेवलं. कावळा काही फिरकला नाही. मॅगपाय आला, त्याने उडदाचा वडा उचलला आणि जाता जाता चंद्रहासच्या हेल्मेटवर टोच मारून गेला.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "हेच आहेत! लग्नालाही ह्यांचाच विरोध होता."

घरटं हलवायचा विषय तिथेच संपला.

 

आता चंद्रहास बाहेर निघाला, की सासूबाई दारातून हाक मारतात, "जावईबापू, सासऱ्यांसमोर जाताय, हेल्मेट तरी काढा!"