वरच्या दोन विटा

"आधी तुमी आत मुंडकं घालून पाहा मावशी," मोनाली म्हणाली. "मंग मी सांगतो, काय कराचं ते."

मोनाली हिंगणीची पशुसखी, गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लसी टोचत फिरणारी. औषध देईल म्हणून आनंदाबाईंनी तिला बोलावलं होतं. जमलं तर थोडं कौतुकही करेल, अशी आशा होती. बोरच्या जंगलाकडून गार वारा सुटला तशी त्यांनी विटांच्या खुराड्याची फटन् फट शेणमातीने लिंपली होती, वरून खताच्या पिशव्या ठोकल्या होत्या. मुंगी शिरायला जागा ठेवली नव्हती. तरी आठही कोंबड्या चोच वासून धापा टाकत होत्या, आणि दोघींचे डोळे सुजले होते.

घरातली बाळंतिणीची खोलीही त्यांनी तश्शीच बंद केली होती. माहेरी आलेली वर्षाली आणि अकरा दिवसांची नात आत. खिडकीत लुगड्याचे बोळे, खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा. धूर होतो, लेकराचे डोळे गळतात, असं वर्षाली रोज म्हणायची. पण बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो, यावर आनंदाबाई कोणाचं ऐकून घेत नसत.

त्या गुडघे टेकून खुराड्यात वाकल्या. पिशव्यांना आतून पाणी सुटलं होतं. उग्र वाफ नाकात शिरली आणि त्या खोकत, डोळे पुसत मागे सरकल्या. मोनालीने समजावलं, की थंडी कोंबडी पिसं फुगवून सोसते, पण ओल आणि कोंडलेली हवा तिला सोसत नाही. खाली आडोसा असू द्या, कुटाराचा कोरडा भुसा पसरा, फक्त वरच्या दोन विटा काढा.

आनंदाबाईंनी पहार आणून विटा काढल्या. हात धुतले, आणि मोनालीला चहाचंही न विचारता घरात गेल्या.

खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी मुद्दाम एक खोल श्वास घेतला. पुन्हा तोच ठसका. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली, मग परत येऊन खिडकीतले बोळे एकेक करून ओढून काढले.

वर्षाली खाटेवर उठून बसली. "आठ दिवसापासून मी सांगून राह्यली, तं नाई ऐकलं. कोंबड्यायचं ऐकलं तुनं."

"त्यायचं बी नाई ऐकलं बाई. आज मुंडकं घालून पाह्यलं."

दवाखान्यातून आल्यापासून पोरगी अंधारातच होती. आनंदाबाईंनी तिला दुपट्यासकट उचलून खिडकीपाशी नेलं. उन्हाने तिने डोळे मिचकावले, तोंड वेडंवाकडं केलं, पण रडली नाही.

"अवं," आनंदाबाई म्हणाल्या, "इच्या हनुवटीवर तं खळी हाय."

"पह्यल्या दिवसापासून हाय, आई."