वय विचारणारा

संयोगिताने माईक बनुबाईंच्या हातात दिला आणि कानाशी सांगितलं, तुमच्या गावात बोललात तेच बोला, जास्त काही नको. दुसऱ्या दिवशी मतदान होतं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला की देशी दारूचं दुकान बंद. बनुबाईंनी आपल्या गावातलं दुकान असंच बंद पाडलं होतं, म्हणून त्यांना मुद्दाम जीप पाठवून कडेगावाकडून आणलं होतं.

शाळेचं पटांगण बायकांनी भरलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. संयोगिताच्या नवऱ्याने घरातली पितळी भांडीसुद्धा पिऊन टाकली होती. तिच्याकडे बघूनच बनुबाई जीपमध्ये बसल्या, नाहीतर पोरगा गेल्यापासून त्यांनी गाव सोडलं नव्हतं.

सुरुवात त्यांनी ठरल्याप्रमाणे केली. दारूपायी संसाराची माती कशी होते ते सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली आणि त्या बोलायच्या थांबल्या. तो आवाज पार विरेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिल्या. असा आवाज आला की त्यांना अजून वाटायचं, आता दारात येऊन थांबेल.

"माझा वीरधवल एकवीस वर्साचा हुता," त्या म्हणाल्या.

संयोगिताने समाधानाने मान हलवली. मेलेल्या पोराची गोष्ट बायकांच्या काळजाला भिडते, हे तिलाही ठाऊक होतं.

पण गोष्ट वेगळीच निघाली. दुकान चालू होतं तेव्हा वीरधवल दोनदा तिथे गेला होता. दुकानदार दादासोने त्याला दोन्ही वेळा हाकललं. पंचवीस पुरी झाल्याशिवाय सरकार देऊ देत नाही, म्हणाला, आणि वर बापासारखं झापलं. बनुबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. सावडायच्या दिवशी दादासोनेच ते रडत रडत सांगितलं. तोवर दुकान बंद होऊन चार महिने झाले होते, आणि पोरांना उसातली हातभट्टी सापडली होती. तिथून परत येताना वीरधवलची गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेली.

संयोगिताने माईकला हात घातला. बनुबाईंनी तो सोडला नाही.

"आवं काकी, उद्या मतदान हाय," ती कळवळून म्हणाली. "आमचं काय करताय ह्ये?"

"तू आडवीच कर बाटली. मी बी केली," बनुबाई म्हणाल्या. "पर माझ्याच शिक्क्यानं पोरगं मेलं का, ह्ये मी रोज रातीला सोताला इचारते. उत्तर गावत न्हाई. दादासो वय इचारत हुता, बायांनो. उसातला इचारत न्हाई. त्या उसाच्या वाटंवर पोरं अडवाया कोण बसनार, त्ये आजच ठरवा."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता सगळ्या आपापली पोरं शोधायला वळल्या.

शाळेच्या भिंतीला टेकून गावातले पुरुष बसले होते. सगळे म्हातारे. तरणं पोर त्यांच्यात एकही नव्हतं.