न झाकता

"तुझे वडील हे खातात का गं?" फ्राऊ केसलरनी विचारलं आणि बटाटे सोलणारा शमिकाचा हात थांबला.

ओट्यावर कागदात किलोभर खिमा होता. गाईचा. दर रविवारी दुपारी फ्राऊ केसलरांची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं जेवायला यायची आणि दर रविवारी तेच व्हायचं. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मधे खिमा, वर क्रीम आणि चीज, आणि भांडं ओव्हनमध्ये. आउफलाउफ. आज म्हातारबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांच्याच घरातल्या एका खोलीत चार वर्षं भाड्याने राहणारी शमिका मदतीला आली होती. सोबत लातूरहून आलेले तिचे वडील, भास्कर. लेक कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात पीएच.डी. झालेली त्यांनी परवाच डोळ्यांनी पाहिली होती.

"मी वाचलंय, तुमच्याकडे गाय पवित्र असते," फ्राऊ केसलर म्हणाल्या. "त्यांच्यासाठी नुसत्या भाज्यांचं वेगळं करू. त्यात काय!"

शमिकाने पुढचा बटाटा उचलला. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत तिचं उत्तर ठरलेलं होतं. नाही, मी नाही खात.

"काय म्हणतायत बाई?" भास्करांनी विचारलं.

तिने सांगितलं. खोलीत दुसरं कुणी मराठी जाणणारं नव्हतं, तरी तिचा आवाज खाली गेला.

भास्कर खिम्याकडे बघत राहिले. एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. तिथे हा प्रश्न असा सरळ कुणी विचारत नसे. आधी आडनाव विचारत, मग डब्याकडे बघत.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "आम्ही खातो. आमचे आजे-पणजेही खायचे."

परक्या माणसासमोर त्यांच्या तोंडून हे वाक्य शमिका पहिल्यांदाच ऐकत होती. तिने ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं.

फ्राऊ केसलरना त्यात विशेष काही वाटलं नाही. "गुट," त्या म्हणाल्या. "मग मीठ किती चालतं ते विचार."

भास्करांनी बाह्या दुमडल्या. कांदा बारीक चिरला, परतला, खिमा पसरला आणि हात मागे घेतला. पाणी आटेपर्यंत ढवळलं नाही.

"गेनाऊ! अगदी असंच!" फ्राऊ केसलर खुर्चीतून म्हणाल्या. "माझ्या सुनांना एवढा धीर नाही." मग त्यांनी जायफळ पुढे केलं. भास्कर हसले. "अगं, हे तर आपण श्रीखंडात घालतो."

भांडं ओव्हनमध्ये गेलं आणि थोड्या वेळाने वास सुटला. भास्कर उठले. त्यांनी खिडकी लावली, खटका नीट बसलाय का ते पाहिलं. शमिकाही उठली होती आणि दाराखालच्या फटीकडे बघत होती. लातूरच्या कॉलनीत ही कामं वाटलेली होती. खिडक्या बाबांनी लावायच्या, फटीला ओलं फडकं तिने लावायचं, उदबत्ती आईने. नावसुद्धा घ्यायचं नाही. 'मोठ्याचं' म्हणायचं, तेही हळू.

"नाइन, नाइन!" फ्राऊ केसलरनी डाव्या हाताने खिडकी सताड उघडली. "गुदमरून मरायचंय का?"

वास बाहेर गेला. समोरच्या बाल्कन्यांवर वर्ल्डकपचे झेंडे लटकत होते. एका बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालणारी बाई थांबली, तिने मान वर केली आणि इकडे बघून काहीतरी ओरडली.

भास्कर झटकन मागे सरले. "तक्रार आहे का?"

"नाही बाबा. म्हणतेय, मला भूक लागली."

ते त्या बाईकडे बघत राहिले. ती पुन्हा पाणी घालू लागली होती.

ऊन छान पडलं होतं, म्हणून जेवायला आलेल्या मुला-सुनांनी मागच्या अंगणात टेबल मांडलं. भांडं तीन मजले खाली न्यायचं होतं. भास्करांनी जाड हातमोजे चढवले आणि त्यांची नजर फडकं शोधू लागली. लातूरला खाटकाकडून आणतानासुद्धा ते पिशवीत वर कोथिंबिरीच्या दोन जुड्या ठेवत.

"झाकायला काही द्या म्हणावं त्यांना."

"झाकायचं कशाला?" फ्राऊ केसलर म्हणाल्या. "वरचं चीज मऊ पडेल. असंच न्या."

पहिला जिना ते भांडं छातीजवळ धरून, खांदे आवळून उतरले. दुसऱ्यावर एक जोडपं वर येत होतं. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली, त्यांना वाट दिली आणि "माल्त्साइट!" अशा जेवणाच्या शुभेच्छा देऊन हसली. भास्करांचे खांदे सैल झाले.

पहिल्या मजल्यावर एक दार उघडलं. सपाता घातलेले एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि थेट भांड्यावर वाकले. डोळे मिटून त्यांनी वास घेतला. मग भास्करांकडे पाहिलं. भास्करांनी त्या डोळ्यांत ओळखीचा तिटकारा शोधला. तिथे तो नव्हता.

गृहस्थांनी मान वळवून आत हाक मारली.

"काय म्हणतात?"

"बायकोला बोलावतायत," शमिका म्हणाली. "बघायला ये म्हणून."

आतून काठीचा आवाज येऊ लागला. हळूहळू, एकेक पाऊल. भांड्याच्या कडेने अजून चीज उकळत होतं.

"बाबा, चला ना. हात भाजतील."

"भाजू देत," भास्कर म्हणाले आणि त्यांनी भांडं जरा वर उचलून धरलं. "त्यांना येऊ दे. नीट बघून होऊ दे त्यांचं."