छर्र्यांची खुर्ची

“जिथं वजन धरून ठेवायचं, तिथं स्क्रूच्या आट्याला थोडं घासू द्यावं, बादशहा.” उस्तादांचं हे सांगणं बादशहा मिस्त्रीला आठवलं खरं, पण तात्या खुर्चीवर बसून चुकल्यावर.

खुर्ची ज्ञानू न्हाव्याची. गोल फिरवली की खालच्या स्क्रूवर ती वर चढे, पण अशी कुरकुरे की गिऱ्हाईक दचकावं. लढाई संपल्यावर लिलावात आलेली एक लॉरी बादशहानं मोडीत घेतली होती. तिच्या स्टिअरिंगमध्ये नवलच निघालं. स्क्रू आणि नट एकमेकांना घासतच नव्हते, मधे पोलादी छर्रे होते. ते आट्यांतून घरंगळत जात आणि नळीतून फिरून पहिल्या जागी येत, जपमाळेच्या मण्यांसारखे. बादशहानं तोच स्क्रू ज्ञानूच्या खुर्चीखाली बसवून दिला होता.

“बोट लावलं तरी फिरती बगा,” तो म्हणाला.

“माझ्या बायलीवानी कुरकुरत न्हाई म्हंजे झालं,” ज्ञानू म्हणाला.

पहिलं गिऱ्हाईक तात्या. हळदीचे अडते, अंगानं भरपूर. बाहेर टांग्यात गोदावरीबाई नव्या लुगड्यात बसून होत्या. आज त्यांच्या सोमवारांचं उद्यापन, हरिपूरला. जोडीनं पूजेला बसेन, असा शब्द तात्यांनी दिला होता.

“बिगी बिगी उरक रं.”

ज्ञानूनं खुर्ची उंच करून साबण लावला. तात्यांचे पाय जमिनीवरच्या पाटावर टेकले होते, तोवर सगळं ठीक होतं. ओठाच्या कोपऱ्याशी वस्तरा आला आणि तात्यांनी सवयीनं पाय वर घेऊन मांडी घातली.

खुर्ची फिरू लागली. फिरत फिरत खाली निघाली, अगदी बिनआवाज. ज्ञानूनं हात जागचा हलवला नाही. मिशीच वस्तऱ्याकडे गेली.

खुर्ची तळाला टेकली तेव्हा देवाच्या दयेनं रक्ताचा थेंब नव्हता. मात्र उजवी मिशीही नव्हती.

तात्यांनी आरशात पाहिलं.

“घासत हुतं म्हणून जुना स्क्रू थांबत हुता,” बादशहा हळूच म्हणाला. “ह्यो वजनाला नाहीच म्हणत न्हाई.”

“आता कळलं व्हय तुला?” तात्या म्हणाले.

“दुसरी बी काढू का, तात्या?” ज्ञानूनं विचारलं. “सारकं दिसंल.”

“आरं, बाप जित्ता हाय माजा. सकाळीच मला शिव्या घालून झाल्यात. मिशी काढून गेलो तर पूजेला आलेले व्याही गळ्यात पडून रडतील.”

“मग उपरण्यानं तोंड झाका.”

“आणि आचमन काय कानानं करू?”

बाहेर टांगेवाल्यानं चाबूक वाजवला. तात्यांच्या मनात आलं, मागच्या दारानं घरी जावं आणि पोटात दुखतंय असा निरोप धाडावा. तेवढ्यात टांग्यातून आवाज आला, “आवं, येताय न्हवं?” हाक साधीच होती. त्या ‘न्हवं’वर मात्र, दिलेला शब्द आठवून, तात्या थांबले.

त्यांनी तोंड पुसलं, टोपी चढवली. बादशहाला म्हणाले, “जुना स्क्रू परत बशीव. कुरकुरू दे,” आणि बाहेर आले.

टांगेवाल्यानं पाहिलं आणि घोड्याकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

गोदावरीबाईंनीही पाहिलं. डावी मिशी, मग उजवीकडची रिकामी जागा. त्यांनी पदर ओठाशी नेला. मग पूजेचं ताट उचललं आणि आपण त्यांच्या उजव्या हाताला येऊ अशा सरकून त्यांना जागा केली.

“पूजेला मी ह्याच बाजूला बसायची हाय,” त्या म्हणाल्या.

तात्या चढले. टांगा हरिपूरच्या वाटेला लागला.