गारगोटीचं पीठ

सकाळी पुंजाजी दारात आडवा बसला. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला.

"आज तू गिरणीवर जाऊ नको," तो बायकोला म्हणाला. एवढं बोलतानाही त्याला मधे दोनदा थांबावं लागलं.

सोनाळा गावाबाहेरच्या त्या गिरणीत काचेच्या कारखान्यासाठी गारगोटी दळत. साठ साली नवं राज्य झालं, तेव्हापासून दोघं तिथंच होती. तो दगड टाकायचा, सिंधू पोती भरायची.

काल बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला होता. "हा क्षय नाही. दगडाची भुकटी श्वासातून आत गेली. आतल्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, भुकटी तशीच राहते. मग दुसऱ्या पेशी तिला गिळायला येतात, त्याही मरतात. फुप्फुस कडक होत जातं." यावर औषध नव्हतं.

तेवढ्यात सिंधू खोकली. डॉक्टरांनी वळून विचारलं, "यांना कधीपासून?"

"मले काई नाही," ती पटकन म्हणाली. "ठसका लागला."

खोकला लागला त्या पहिल्या वर्षी पुंजाजीही असंच सांगायचा.

"काऊन अडवून राह्यले?" भाकर बांधून सिंधू दाराशी आली.

"तुले खोकला हाये."

"तोंडाले पदर बांधला का झालं."

"मीबी दुपट्टा बांधत होतो. डोळ्याले दिसत नाही इतकं बारीक असते ते. पदरातून जाते."

"मंग दुसरं काम कुठी हाये, सांगा. तिकडं जातो मी."

गिरणीवर निघालेल्या बाया वाटेवर थांबल्या होत्या. त्यांतल्या विमलबाईनं सिंधूला हाक मारली. पुंजाजीनं दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली.

सिंधू वाकली. चौकटीवरची त्याची बोटं तिनं एकेक करून सोडवली. मग पाय घट्ट रोवून, दात आवळून तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून भिंतीशी बसवलं. तो काही करू शकला नाही. जो काही जोर होता तो श्वास ओढण्यातच संपत होता.

उचलण्यासाठी जेवढा जोर लावायची तयारी तिनं केली होती, त्याच्या निम्माही लागला नव्हता. ते त्याला तिच्या तोंडावर दिसलं.

"येतो मी," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, आणि मोकळ्या दारातून निघून गेली.