तक्रारदाराच्या बाजूने

"माप तक्रारदाराच्या बाजूने घ्यायचं असतं," नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणाला आणि टेप घेऊन शेजारच्या शिंप्याच्या बागेत शिरला.

कुंपणाच्या अलीकडे बाई नवऱ्याचा हात धरून उभी होती. परवानगी न घेता तिने कुंपणावर आणखी एक फळी चढवली होती. त्याआधी नवरा कुंपणावरून सहज टांग टाकायचा आणि ऑफिसला निघाल्यासारखा हमरस्त्याच्या मधोमध चालत सुटायचा. आपण निवृत्त झालोय हे त्याला आता आठवत नव्हतं. फळी उतरवायला लावली, तर त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायची, एवढंच तिच्या हाती उरणार होतं.

शिंप्याची तक्रारही खोटी नव्हती. त्या फळीची सावली नेमकी त्याच्या शिलाई मशीनवर पडायची. सुईत दोरा ओवायलासुद्धा भरदिवसा दिवा लावावा लागायचा.

इंजिनिअरने टेप जमिनीला टेकवली, वर ओढली, आकडा पाहिला. दुसऱ्या टोकाला जाऊन तिथेही मोजलं. मग बुटाने माती दाबून पाहिली. बूट आत गेला.

"माती ताजी दिसते, मास्टर. पार त्या टोकापर्यंत."

"बाग वाढत्या अंगाची आहे, साहेब."

इंजिनिअर हसला नाही. उंची जमिनीपासून मोजायची, एवढंच नियमात आहे. जमीन कधीची, ते काही लिहिलेलं नाही, असं तो टेप गुंडाळता गुंडाळता स्वतःशीच पुटपुटला. कुंपण नियमात बसतंय, असं त्याने बाईला मोठ्याने सांगितलं आणि तो निघून गेला.

मातीच्या भरावावर उभा असल्यामुळे शिंप्याचा चेहरा फळीच्या वर दिसत होता. तक्रार मागे घ्यायला गेलो होतो, तो म्हणाला, पण एकदा आलेली तक्रार मोजमापाशिवाय बंद होत नाही म्हणे.

"परवा हे खांद्याला बॅग अडकवून या फळीशी झटापट करत होते ना, तेव्हा उलगडा झाला. आधी बोलायचं की, वहिनी. मी आपला समजलो, तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही."

बाईने झाडांना पाणी घालायचा पाइप ओढला आणि त्याचं तोंड कुंपणावरून पलीकडे धरलं. शिंप्याने खाली हात धरले. गढूळ पाणी गेलं, नितळ आलं, तरी तिने नळ बंद केला नाही. नखांतली माती मात्र निघेना.

"राहू द्या, वहिनी," शिंपी म्हणाला. "पांढरे शर्ट उद्या घेतो. आज काळ्या पँटी उरकतो."