सव्वा तासाचं माहेर

वजनकाट्यावर चढायला आवडाबाईंनी साफ नकार दिला.

"मी काय कापसाचं गाठोडं हाय का?"

"मावशी, छोटं विमान आहे. वजन बघूनच कोण कुठं बसणार ते ठरवावं लागतं," श्रेया म्हणाली. श्रेया पायलट होती. तिच्या खांद्यांवर सोनेरी पट्ट्या होत्या, म्हणून आवडाबाईंनी चपला काढल्या आणि चढल्या. काटा एकाहत्तरवर थांबला. नवऱ्यानं, कडूबांनी, मागून वाकून आकडा पाहिला आणि पुढच्या भांडणासाठी जपून ठेवला.

करमाडजवळची त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली होती. मोबदला मिळाल्यावर गावात कोणी बंगले बांधले, कोणी मोठ्या गाड्या घेतल्या, दोघं तर निवडणुकीला उभे राहून पडले. कडूबांना विमान हवं होतं. चार जणांचं, जुनं, पण स्वतःचं. मुलगा सुयश म्हणाला, "आप्पा, त्यापेक्षा हत्ती घ्या. लग्नसराईत भाड्यानं तरी जाईल."

कडूबा बधले नाहीत. लेकीकडं पुण्याला जाता येईल, तुळजापूरला जाता येईल, असं ते सगळ्यांना सांगत. खरं कारण वेगळं होतं. आवडाबाईंचं माहेर लातूरच्या पलीकडं, औशाजवळ. एकेचाळीस वर्षांच्या संसारात कडूबांनी बायकोला तिथं मोजून सात वेळा नेलं होतं. दर पंचमीला ती चुलीपुढं बसून म्हणायची, "लई लांब दिलं बाई मला." ते वाक्य कडूबांना आता म्हातारपणी टोचायला लागलं होतं.

घेण्याआधी एक फेरी मारून बघायची म्हणून चिकलठाणा विमानतळावरून विमान उडालं. पुढं श्रेया आणि विकणारा दलाल राजकुमार, मागं नवरा-बायको. चौघांच्याही कानांवर हेडफोन होते. इंजिनाच्या आवाजात यातूनच बोलायचं, आणि बोललेलं सगळ्यांना ऐकू येईल, असं श्रेयानं नीट सांगितलं होतं. आवडाबाई तेव्हा पदर सावरत होत्या.

खाली जालना रस्ता दिसला, कारखान्यांचे पत्रे दिसले, करमाडचा फाटा दिसला. आवडाबाई काचेला नाक लावून बघत होत्या.

"पोरी, लातूरला किती येळ लागंल?"

"सव्वा तास, मावशी."

"सव्वाच तास?"

"व्हय," कडूबा खुशीत म्हणाले. "हितं चहा घ्यायचा, न्याहारीला तुझ्या भावाच्या दारात."

आवडाबाईंनी खालचा फाटा मागं पडेपर्यंत मान वळवून पाहिला. मग नवऱ्याकडं झुकून, फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बरं झालं, तवा हे नव्हतं."

"का?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी पिशवी भरून त्या फाट्यावर आले हुते. तीनदा."

"कशाला?"

"तुमाला सोडून जायाला."

पुढं राजकुमारला खोकला आला. श्रेया घड्याळांच्या तबकड्यांकडं फारच बारकाईनं बघू लागली.

"तुमी माझ्याशी बोलायचाच नाय. आईला इचारल्याबिगर पाणीसुद्धा प्यायचा नाय. म्हणलं, ह्या माणसापाशी काय ऱ्हायचं? पर औरंगाबादला उतरा, मग बीड, मग आंबेजोगाई, मग लातूर, तिथनं आणखी एक एष्टी. कडेवर पोरगी. तासभर लिंबाखाली बसायचे अन् परत यायचे. तुमी इचारलं, कुठं गेलतीस, तर सांगायचे, शेण गोळा कराया."

कडूबांनी आठवून बघितलं. एका संध्याकाळी ती मोकळ्या हातांनी घरी आली होती, हे त्यांना स्पष्ट आठवलं. शेण कुठाय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. चहाला उशीर का झाला म्हणून ओरडले होते. तिचं तोंड त्या वेळी कसं होतं, ते काही केल्या आठवेना. बहुतेक त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"अन् सव्वा तास असता तर?" त्यांनी विचारलं.

"तर कवाच गेले असते," आवडाबाई सहज म्हणाल्या आणि पुन्हा खाली बघू लागल्या.

विमान फेरी मारून परत चिकलठाण्यालाच उतरलं. कडूबा खाली उतरले. राजकुमारनं धंद्यातला सगळा अनुभव पणाला लावून काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला आणि करारनामा पुढं धरला.

"मग आप्पा, काय ठरलं?"

"नको."

"का हो? पसंत नाही पडलं?"

"आमची गाडी बरी हाय," कडूबा म्हणाले. "हळू जाती. रस्त्यात माणसाला इचार कराया येळ मिळतो."

ते पार्किंगकडं वळलेसुद्धा. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, आवडाबाई सोबत नाहीत. त्या विमानाच्या पंखाखालीच उभ्या होत्या. विमानात चढताना काढलेल्या चपला पायांत घालून झाल्या होत्या, तरी जागच्या हलल्या नव्हत्या.

"घ्या की इमान," त्या म्हणाल्या. "आतापोतर लांब हुतं म्हणून ऱ्हायले. आता जवळ असून ऱ्हाते का, ते मलाबी बघायचंय."